दारात म्हैस उभी राहीपर्यंत

हातुमेता, ४ मार्च

नतेर्सिया हिस,

हे पत्र सरकारी कामाचं आहे, तेव्हा गैरसमज करून घेऊ नकोस. वर ‘चिरंजीव’ लिहिलेलं नाही आणि आशीर्वादही दिलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ते विसरून राहिलेलं नाही.

तू म्हणशील, बाबांनी तर चार वर्षांपूर्वी कुळघराच्या पायरीवर उभं राहून अख्ख्या गावाला सांगितलं होतं, की दारात म्हैस उभी राहीपर्यंत या मुलीशी एक शब्द बोलणार नाही. सांगितलं होतं. आजही त्यावर ठाम आहे. फिजीला शिकायला म्हणून गेलीस आणि परस्पर वानुआतूची सून होऊन बसलीस. मुलाकडून ना म्हैस आली, ना छातीवर घालायची सोन्याची चकती आली, ना कोणी दारात येऊन चार शब्द बोललं. पण नीट आठव, मी बोलणार नाही असं म्हणालो होतो. लिहिणार नाही असं म्हणालो नव्हतो. मी गावाचा मानकरी आहे. लग्न, मयत, भांडण, तह, काहीही असो, हातुमेतात शेवटचा शब्द माझा असतो, आणि तो मी तोलूनमापून टाकतो.

हे पत्र तुझी आई फोनवर फोटो काढून पाठवेल. मध्ये पडायला तिने साफ नकार दिलाय. ‘बाप-लेकीचं तुमचं तुम्ही बघा, मी फक्त फोटो काढीन, वाचणार नाही,’ म्हणाली. वाचते. फोटो काढायला एवढा वेळ लागत नाही.

आता काम. परवा राजधानीहून, दिलीहून, व्यापार खात्याचे आदेलिनोसाहेब आले होते. गळ्यात टाय आणि बुटाला चिखल. म्हणाले, आपला देश आणि वानुआतू यांच्यात मैत्रीचा आणि व्यापाराचा करार होणार आहे, आणि तो राजधानीत न करता इथे, आपल्या कॉफी वाळवायच्या अंगणात करायचा ठरलंय. फोटो चांगले येतात म्हणे. पहिली कॉफी हातुमेताचीच जाणार. पाहुण्यांना गावात घ्यायचं स्वागत मी करायचं.

मी विचारलं, “आपण त्यांना काय विकणार?”

“कॉफी.”

“त्यांच्याकडे होत नाही कॉफी?”

“होते की.”

“मग ते आपल्याला काय देणार?”

“नारळ,” म्हणाले, आणि मी अंगणातल्या नारळाकडे बघितलं तसा त्यांनी टाय सैल केला. “काका, त्यांचे गाई-बैल चांगले आहेत. आणि मालाचं काय घेऊन बसलात? दोन लहान देशांनी एकमेकांना धरून राहायला हवं. मोठ्यांच्या पंगतीत आपल्याला कोण वाढतंय?”

हे मला पटलं. माणूस वाईट नाही. मंत्रीणबाई येणार म्हणून रस्त्यातले खड्डेही बुजवणार आहेत, पण फक्त येतानाच्या बाजूचे.

तेव्हा तिकडची माहितगार म्हणून तू पुढील गोष्टी कळवाव्यात. ही माणसं काय खातात, काय खात नाहीत, आणि मोठ्या माणसाला मान कसा देतात. एवढंच. त्या तुझ्या इसमाबद्दल मी विचारत नाहीये.

कळावे,
सेलेस्तिनो, मानकरी, हातुमेता

ता. क. कोणीतरी चालायला लागल्याचं तुझी आई शेजारी सांगत होती. मी चौकशी केलेली नाही. पडत-बिडत नाही ना, तेवढं लिही.


हातुमेता, २० मार्च

नतेर्सिया हिस,

तुझं उत्तर मिळालं. विचारलं होतं पाहुणे काय खातात, आणि तू पाठवलास एका नागड्या पोराचा फोटो. सरकारी पत्रव्यवहारात फोटो नसतो. तरी आदेलिनोसाहेबांना दाखवला. त्यांचं म्हणणं पडलं, कान तुमच्यावर गेलेत. मी म्हटलं, कान सगळ्यांनाच असतात.

त्याचं नाव मी विचारलेलं नाही. तुझ्या आईला विचारलं तर म्हणते, ‘लेकीला विचारा.’ दीड वर्ष हेच चाललंय. राहू दे.

तिथे मुळी कुटून एक गढूळ पाणी करतात, मोठी माणसं भेटली की ते पितात आणि पिताना गप्प बसतात, हे वाचून अचंबा वाटला. आपल्याकडे मोठी माणसं भेटली की बोलायची थांबत नाहीत. असो, देश तितके आचार.

पण तुझ्या पत्राचं शेवटचं वाक्य! तिकडच्या गुरं पाळणाऱ्यांचा प्रमुख म्हणून शिष्टमंडळात चीफ विरा येणार आहेत, आणि हे चीफ विरा म्हणजे तुझे सासरे! हे तू सगळ्यात खाली, मक्याच्या भावाखाली लिहितेस? मी ते वाचलं तेव्हा तोंडात घास होता. तुझ्या आईला हे आधीपासून ठाऊक होतं. फोटो काढते ना ती.

मी दिलीला निरोप धाडला. आदेलिनोसाहेब धावत आले. त्यांना सांगितलं, “आता हे साधं स्वागत राहिलं नाही. माझा व्याही माझ्या गावच्या कमानीत येणार. मुलाकडचा माणूस हात हलवत आला आणि मी त्याला आत घेतला, तर उद्या गावातली एक पोरगी मानाने नांदणार नाही. म्हैस आणायला सांगा.”

“काका, हा करार आहे, लग्न नाही!”

“दोन घरं जोडायची, देणंघेणं ठरवायचं, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी सही करायची. मग लग्न म्हणजे आणखी काय असतं साहेब?”

“पण एक सरकार दुसऱ्या सरकारकडे म्हैस कशी मागेल?”

शेवटी त्यांनी सरकारी भाषेत पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. ‘आमच्याकडील रूढीस अनुसरून एखादे मानाचे जनावर सोबत असल्यास उभय पक्षांस आनंद होईल.’ म्हैस हा शब्द त्यात कुठेच नाही. पण सरकारी पत्रात असंच आडून बोलायचं असतं म्हणे. आठवड्यात तिकडून उत्तर आलं: ‘अत्यानंद झाला. आमच्याकडेही हीच रूढी आहे. जनावर अवश्य आणू.’

बघ! तुझे सासरे निदान रीत जाणणारे निघाले. मी म्हशीच्या स्वागताची जुनी कवनं घोकायला घेतली आहेत. तुझी आई गालात हसते. का हसते ते विचारलं तर काही नाही म्हणते.

आता सगळं रीतीने होईल. म्हैस दारात उभी राहिली की मी बोलायला मोकळा. बोलेनच असं नाही, पण मोकळा.

कळावे,
सेलेस्तिनो


हातुमेता, ७ एप्रिल

नतेर्सिया हिस,

मी रागावलेलो नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण तुझी आई फोनवर तुला वेगळंच सांगेल.

सकाळी सगळा गाव नटून कमानीत उभा होता. बायका ढोल घेऊन, पुरुष डोक्याला पिसं लावून. कमानीला झावळ्या आणि पिकल्या पपया बांधल्या होत्या. मंत्रीणबाई आल्या. मागून पाहुणे आले. त्यात एक उंच, पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता, गळ्यात काहीतरी गोल, पांढरं अडकवलेलं. मी ओळखलं, हाच व्याही. चेहरा हसरा होता, तो मला तेव्हाच आवडला नाही.

मग भाड्याचा ट्रक आला. मी घसा खाकरला. पहिलं कवन ओठांवर आलं होतं. ट्रकचं फळकूट पडलं आणि आतून लाल फडकं बांधलेलं एक धष्टपुष्ट डुक्कर उतरलं.

नतेर्सिया, डुक्कर!

तू इतकी वर्षं परदेशात आहेस म्हणून विसरली असशील, तर सांगतो. म्हैस आणि चकती मुलाकडून येते. डुक्कर आणि हातमागाचं वस्त्र मुलीकडून जातं. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मुलाकडच्याने डुक्कर आणलं याचा अर्थ काय? तेच मुलीकडचे आणि आम्ही मुलाकडचे! म्हणजे मुलगी त्यांची. तुला त्यांनी वाढवलं, तुझ्या तापात ते रात्रभर जागले, आणि आता तुझ्यापायी आम्ही त्यांना म्हैस द्यायची! भर कमानीत, मंत्रीणबाईंच्या देखत माझी लेक माझ्या हातातून काढून घेतली.

तुझ्या झुल्मिराआत्याने तिथेच मयताचा सूर धरला. ढोल थांबले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या बापाच्या, आजाच्या काळापासून हातुमेताचा मानकरी कमानीत गप्प राहिलेला नाही. मी पाठ फिरवली आणि घरी आलो.

स्वागताचे शब्द झाल्याशिवाय पाहुण्याने कमान ओलांडायची नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा सगळं शिष्टमंडळ आता खाली चर्चच्या हॉलमध्ये बसलंय. टेबल, खुर्च्या, दोन झेंडे आणि करार इकडे अंगणात आहेत.

आदेलिनोसाहेब माझ्यामागे पळत आले. टाय हातात.

“काका, मंत्रीणबाई उन्हात उभ्या आहेत!”

“सावलीत उभ्या राहा म्हणावं.”

“दोन देशांचा प्रश्न आहे हो!”

“देशांचा नाही साहेब, डुकराचा आहे.”

“तीन दिवसांनी त्यांचं विमान आहे. परवापर्यंत सही झाली नाही तर ही कॉफी मी कुठे घालू? माझी नोकरी कुठे घालू?” ते माझ्या पायरीवर मटकन बसले. मग म्हणाले, “आणि तुमचे व्याही तर खूश आहेत. म्हणतात, एवढा मान आम्हांला कुठेच मिळाला नाही. आमच्याकडेही थोर माणूस समोर आला की आधी गप्प राहतात आणि निघून जातात.”

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अपमान करायचा आणि वर खूश व्हायचं!

मध्यंतरी डुकराने कमानीच्या सगळ्या पपया खाल्ल्या.

तुझ्या सासऱ्याला हे करायला कोणी सांगितलं? मला लेखी उत्तर हवं. तुझी आई माझ्याशी बोलत नाहीये. संध्याकाळी कालचा मका समोर ठेवला, तोही गार. या घरात आता कोणीच कोणाशी बोलत नाही.

सेलेस्तिनो


हातुमेता, ८ एप्रिल, सकाळी

नतेर्सिया,

तुझं उत्तर आलं. तुझ्या आईने या वेळी फोन माझ्या हातात दिलाच नाही. अंगणात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. पलीकडच्या डोंगरावरही ऐकू गेलं असेल.

तिकडे मुलाकडचे मुलीसाठी डुक्कर देतात, हे तू मला आधी का नाही सांगितलंस? मी विचारलं नाही म्हणून? मी काय खातात तेवढंच विचारलं होतं, हे खरं. पण मुलीने न विचारताही काही सांगावं. तू सांगितलं होतंस म्हणे, पहिल्या वर्षीच्या पत्रांत. ती मी उघडली नव्हती. बोलायचं नाही म्हटल्यावर ऐकायचं तरी कसं, असा तेव्हा माझा हिशेब होता.

बाकी जे लिहिलंस ते ऐकून मी खुराड्याकडे गेलो आणि बराच वेळ कोंबड्याशी खेळत बसलो. डुकराचे वरचे सुळे काढून टाकायचे, म्हणजे खालचे वाढत वाढत गोल वळतात. तसल्या जनावराला जमीन उकरता येत नाही, म्हणून माणसाने कंद शिजवून हाताने भरवायचे, पोटच्या पोरासारखं वर्षानुवर्षं सांभाळायचं. आणि चीफ विरांनी ते स्वतःसाठी सांभाळलं होतं. त्याच्या बळावर गावात वरचा मान मिळणार होता. तू सून म्हणून आलीस तेव्हा त्यांनी म्हटलं, हे डुक्कर आता मुलीच्या बापाचं. माझा मान मिळाला नाही तरी चालेल. पण मुलीचा बाप येईना, आणि विमानात डुक्कर घेईनात. म्हणून ते कापून सगळ्या गावाला तुझ्या नावाने जेवण घातलं. चार वर्षं हा माणूस लोकांना सांगतोय, की सुनेचा मान मी अजून तिच्या बापाच्या हातात दिलेला नाही, मला लाज वाटते.

मला वाटत होतं लाज फक्त मलाच वाटते आहे.

तरी रीत ती रीत. मी आता खाली चर्चच्या हॉलवर जातोय. स्वागताला नव्हे, नुसती चौकशी करायला. तुझ्या आईने मका गरम केलाय, पण बोलत अजून नाही.


८ एप्रिल, त्याच दिवशी, संध्याकाळ

वरचं पत्र पाठवलेलं नाही, त्यालाच जोडून लिहितो. 

गेलो तेव्हा चीफ विरा हॉलच्या पायरीवर बसले होते. मला बघून उठले, हात धरून बसवलं आणि नारळाच्या करवंटीत ते गढूळ पाणी ओतून दिलं. मध्ये दुभाषी म्हणून आदेलिनोसाहेब. त्यांनाही एक करवंटी दिली. चव कशी म्हणशील, तर पावसाळ्यात आपल्या अंगणातून वाहतं ना, तशी. पण पाहुणचार म्हणून प्यालो.

थोड्या वेळाने जीभ जड झाली. मग ओठ गेले. गावाचा मानकरी, आणि तोंडातून धड शब्द निघेना! त्यांचंही तसंच असावं. आम्ही दोघं गप्प बसलो आणि डुक्कर आमच्याकडे बघत बसलं. इतका वेळ न बोलता मी जन्मात बसलो नसेन. बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

मग चीफ हसायला लागले आणि काहीतरी बोलले. आदेलिनोसाहेबांनी सावकाश भाषांतर केलं, “ते म्हणतात, सेलेस्तिनो फार हट्टी आहे.”

मी म्हटलं, हे त्यांना कोणी सांगितलं?

“म्हणतात, सेलेस्तिनो मनासारखं झालं नाही की पाठ फिरवून चालायला लागतो.”

मी करवंटी खाली ठेवली.

“म्हणतात, परवा सेलेस्तिनोने डुकराचं शेपूट ओढलं आणि चिखलात बसला. उचलायला गेलो तर चावला.”

एवढं झाल्यावर मी उठायलाच निघालो होतो, तेवढ्यात चीफांनी खिशातून तोच फोटो काढला. कान माझे असलेला.

तेर्सी, तू त्याचं नाव माझं ठेवलंस आणि मला सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही, हे मान्य. पण तुझ्या आईने दीड वर्ष पोटात ठेवलं! शब्द तोलूनमापून टाकायचे तर ते तिनेच टाकावेत.

डोळ्यांत पाणी आलं. आदेलिनोसाहेबांना सांगितलं, तुमच्या त्या मुळीने येतं. ते म्हणाले, मलाही येतंय काका.


हातुमेता, १० एप्रिल

चि. नतेर्सिया हिस,

करार झाला. कसा झाला ते माझ्याकडून ऐक, कारण दिलीच्या वर्तमानपत्रात फक्त मंत्रीणबाईंचा फोटो येईल.

काल सकाळी मी गावातल्या जाणत्यांना कुळघरात बोलावलं. झुल्मिराआत्या पहिल्यांदा बोलली, “मुलाकडून आलेलं डुक्कर या कमानीतून आत गेलं तर मी याच कमानीतून बाहेर जाईन.” सगळ्यांनी माना हलवल्या.

मी विचारलं, “ते डुक्कर कुठलं आहे?”

“त्यांचं. वानुआतूचं.”

“वानुआतूचं डुक्कर विमानात घेत नाहीत. ते चीफ विरांनी परवा दिलीच्या बाजारातून घेतलं. आपल्या मातीत जन्मलं, आपला मका खाल्ला, आपल्याच पपया खाल्ल्या. म्हणजे डुक्कर आपलं. पाहुण्यांनी फक्त दिलीहून इथवर पोचवलं.”

“पैसे त्यांनी दिले ना?” आत्या कसली ऐकतेय.

“तुझी कॉफी ट्रकवाला दिलीला नेतो, वाटेत डिझेल त्याच्या पैशाचं असतं. म्हणून कॉफी त्याची होते का?”

आत्याने विचार केला. ट्रकवाल्याशी तिचं आधीच वाकडं आहे. “नाही होत,” म्हणाली.

झालं. डुक्कर आपलं ठरलं. आपलं ठरल्यावर ते मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना द्यायला कोणाची हरकत असणार? मी कमानीत उभा राहिलो, चीफ विरांना पुढे बोलावलं, आणि त्यांनीच आणलेल्या डुकराची दोरी पुऱ्या मानाने त्यांच्या हातात दिली. त्यांना आधी काही उमगलं नाही. आदेलिनोसाहेबांनी कानात सांगितलं तेव्हा ते इतके हसले की मंत्रीणबाईही हसायला लागल्या, आणि त्यांना तर काहीच उमगलं नव्हतं.

डुकरासोबत वस्त्र द्यावं लागतं, याची मला आयत्या वेळी आठवण झाली. मागे वळलो तर तुझी आई घडी हातात घेऊन उभी. लाल-काळं, काठाला आपल्या घराची नक्षी. मी विचारलं, “हे कधी विणलंस?”

“तुम्ही बोलत नव्हतात तेव्हा,” म्हणाली.

आता मुलाकडून काय, हा प्रश्न राहिला. चीफ विरांनी गळ्यातला तो गोल सुळा काढला. तुझ्या नावाने जेवण घातलं, त्याच डुकराचा. वळत वळत टोक मुळाला येऊन मिळालेलं. मी तो वर धरून गावाला दाखवला. गोल आहे? आहे. छातीवर घालतात? घालतात. घडवायला वर्षानुवर्षं लागली? कोणत्या सोनाराला इतकी लागतात? मग ही चकतीच. या वेळी आत्यानेही मान हलवली. मी तो गळ्यात घातला आणि कवनं म्हणायला घेतली, दोन देशांची, दोन समुद्रांची, दोन म्हाताऱ्यांची. म्हशीची कवनंही म्हटली, इतकी पाठ केली होती ती वाया का घालवायची? पाहुणे आत आले. सह्या झाल्या. आपण कॉफी देणार, ते वळू देणार. नारळाचा विषय दोन्हीकडून सोडून दिला.

जेवणात ते डुक्कर होतं. मुलीकडच्यांनी दिलेलं डुक्कर मुलीकडच्यांनी खायचं नसतं, म्हणून मी मका आणि भोपळा खाल्ला. वासाला मात्र रीतीत मनाई नाही.

जेवताना चीफ विरांनी विचारलं, “आता आमच्याकडून किती राहिलं? सगळं एकदा चुकतं करून टाकतो.”

“असं कधी करू नका,” मी म्हटलं. “सगळं चुकतं झालं तर पुन्हा दारात यायचं कारण काय उरलं? म्हैस राहू द्या. आपल्या नातवाने मोठं होऊन या दारात आणून बांधावी.”  मग त्यांनी आदेलिनोसाहेबांना करार परत उघडायला लावला. त्यात शेवटी लिहिलं होतं, की सर्व मालाची देवाणघेवाण पूर्ण होताच करार संपेल. ते आम्ही दोघांनी काढायला लावलं. आता दर दोन वर्षांनी एकाने दुसऱ्याच्या गावी यायचं आणि काय राहिलंय ते बघायचं, असं लिहिलंय. आदेलिनोसाहेबांना बढती मिळेल असं दिसतं.

तुझ्या इसमाचं नाव रुबेन आहे ना? त्याला सांग, बाप चांगला आहे तुझा.

तुझे बाबा

ता. क. म्हैस राहिली, म्हणजे मी गावासमोर घेतलेली शपथही राहिली, हे मला पाहुणे गेल्यावर सुचलं. वानुआतूत म्हशी नसतातच, असं चीफ सांगून गेले. आणि मानकऱ्याला शब्द फिरवता येत नाही.


हातुमेता, १२ एप्रिल

चि. तेर्सी हिस, अनेक आशीर्वाद. रुबेनलाही. सेलेस्तिनोला सगळ्यात जास्त.

एक विशेष गोष्ट घडली म्हणून लिहितो. आज सकाळी उठून बघतो तर दारात म्हैस उभी. कशी आली देव जाणे. शिंगं चांगली रुंद आहेत. शेजारच्या आनिसेतोच्या म्हशीसारखी दिसते, पण म्हशी सगळ्या सारख्याच दिसतात. चुकून आली असेल.

मी पायरीवर बसून माझेच शब्द पुन्हा आठवून पाहिले. दारात म्हैस उभी राहीपर्यंत बोलणार नाही, एवढंच मी म्हणालो होतो. कोणाची, ते म्हणालो नव्हतो. झुल्मिराआत्याला बोलावून खात्री करून घेतली. तिलाही तसंच आठवतं.

तेर्सी, मला तुझा आवाज ऐकायचा आहे. चार वर्षं तुझी आई फोनवर बोलताना मी दाराआड उभा राहायचो, पण तुझं काही ऐकू यायचं नाही, फक्त तिचंच. फोन कर. मी उचलेन.

तुझे बाबा

*

तेर्सी, फोटो काढताना चुकून वाचलं गेलं. म्हैस आनिसेतोचीच आहे. तुझे बाबा उजाडायच्या आत शेतात जाऊन तिला दोरीने ओढत घेऊन आले. गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेत, आणि मी विचारलं तर म्हणाले, फिरायला गेलो होतो. आता पायरीवर फोन घेऊन बसलेत, तोही उलटा धरून. लवकर कर बाई. आनिसेतो म्हैस न्यायला आलाय, आणि हे म्हणताहेत, माझं बोलून होईपर्यंत तिला दारातून हलवायची नाही.

आई